गिटारचा आवाज: खोलीतला आणि चौकातला

गिटार हे मुळात जवळ बसून ऐकायचे वाद्य आहे. सतराव्या शतकातली गिटार दहा-वीस माणसांच्या बैठकीसाठी घडवली जाई, एकोणिसाव्या शतकातली फार तर एका मोठ्या दिवाणखान्यासाठी. तरीही या वाद्याचे बरेचसे आयुष्य उघड्यावर गेले आहे. प्रेयसीच्या खिडकीखाली रात्री गायली जाणारी गाणी, बागेतल्या मेजवान्या, रस्त्याच्या कडेला कथागीते म्हणून पोट भरणारे आंधळे गायक, जत्रा, लग्ने या सगळ्यांत गिटार होती. आज युरोपात जुन्या गिटारींची किंवा त्यांच्या प्रतिकृतींची मैफल एखाद्या वाड्याच्या चौकात भरते, तेव्हा एवढासा आवाज आकाशाखाली कसा टिकत असेल, असे ऐकणाऱ्याला साहजिकच वाटते.

बंद खोलीत तारेचा आवाज थेट कानावर येतो, तसाच भिंती, छत आणि जमीन यांवर आपटून परतूनही येतो. हे सारे क्षणार्धात घडत असल्याने कानाला एकच भरलेला सूर ऐकू येतो. उघड्यावर आवाज परतवणारे फारसे काही नसते. ऐकणारा दुप्पट अंतरावर गेला की आवाजाची पातळी साधारण ६ डेसिबलने उतरते. म्हणजे २ मीटरवर स्पष्ट ऐकू येणारी गिटार १६ मीटरवर १८ डेसिबलने खाली आलेली असते, आणि मधे पानांची सळसळ, पावले, दूरची रहदारी असतेच. देवळाच्या सभामंडपातली एकतारी आणि माळावरची एकतारी ज्याने ऐकली आहे, त्याला हा फरक वेगळा सांगायला नको.

गिटारच्या घराण्यातले सर्वांत प्रतिष्ठित जुने वाद्य म्हणजे सोळाव्या शतकातली स्पॅनिश विवेला. आकार गिटारसारखा, तारांच्या सहा जोड्या आणि तारा मेंढीच्या आतड्याच्या तातीच्या. सारंगीच्या मुख्य तारा ज्या प्रकारच्या असतात, तशाच. लुईस मिलान या दरबारी वादकाचा विवेलावरचा ग्रंथ १५३६ साली व्हॅलेन्सियात छापला गेला, आणि पुढच्या चाळीस वर्षांत असे आणखी काही ग्रंथ निघाले. त्यांतले संगीत नाजूक विणीचे आहे. दोन-तीन स्वरधारा एकमेकींत गुंफून चालतात, आणि ती गुंफण कळायला श्रोता वादकापासून चार-पाच हातांवरच हवा. खरोखरच्या जुन्या विवेला आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या आहेत.

विवेलाच्याच काळात तिची धाकटी बहीण शोभावी अशी चार जोड्यांची लहान गिटार वाजत होती. आलोन्सो मुदार्रा याने १५४६ साली सेव्हिलमध्ये छापलेल्या आपल्या विवेला-ग्रंथात या गिटारसाठी सहा रचना दिल्या. गिटारसाठी छापलेले हे सर्वांत जुने संगीत. पुढच्या दशकात पॅरिसमध्ये आद्रियां ल र्वा आणि गियोम मोर्ले यांनी तिच्यासाठी पुस्तकांची मालिकाच काढली. आजच्या वाद्यांत तिची आठवण करून देणारे वाद्य म्हणजे युकुलेले. तेही पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरच्या लहान गिटारीतून निघाले, आणि १८७९ साली मदेइराचे मजूर घेऊन आलेल्या ‘रेवन्सक्रॅग’ जहाजातून त्या गिटारीचे कारागीर हवाईत पोहोचले.

सोळावे शतक संपता संपता गिटारला तारांची पाचवी जोडी मिळाली आणि विवेला झपाट्याने मागे पडली. १६११ साली आपला स्पॅनिश शब्दकोश काढणाऱ्या सेबास्तियान दे कोवारुबियास याने या बदलाबद्दल मनापासून हळहळ व्यक्त केली आहे. त्याच्या मते गिटार म्हणजे निव्वळ गुरांच्या गळ्यातली घंटा, आणि ती इतकी सोपी की तबेल्यातला पोऱ्याही तीत पटाईत होतो. त्याचा राग समजण्यासारखा असला, तरी इतिहासाच्या दृष्टीने त्याच्या तक्रारीत मोलाची माहिती आहे. नवी गिटार चार भिंतींतून बाहेर पडून सामान्य माणसाच्या हाती गेली होती, आणि ती वाजवायची रीतही बदलली होती. एकेक तार छेडण्याऐवजी सगळ्या तारांवरून बोटे झपकन फिरवून संपूर्ण स्वरसंघात एकदम उठवायचा, याला स्पॅनिशमध्ये ‘रास्गेआदो’ म्हणतात. पाच जोड्यांच्या दहा तारा एकदम झंकारल्या की आवाज चौकापलीकडे जाई आणि नाचणाऱ्याला ठेका मिळे. जोआन कार्लेस आमात या कॅटलान वैद्याने १५९६ साली काढलेली पुस्तिका याच रीतीची होती. तिने स्वरसंघातांना अंक दिले. १६०६ साली जिरोलामो मोंतेसार्दो याने फ्लॉरेन्समध्ये अंकांऐवजी अक्षरांची पद्धत छापली. एका अक्षरासाठी बोटांची एक ठेवण, एवढे पाठ झाले की गाण्याला साथ करता येई. सुरांची लिपी न येणारा माणूसही संध्याकाळी अंगणात बसून गाऊ लागला.

उघड्यावरच्या गिटारचे सर्वांत चांगले पुरावे चित्रांत आहेत. फ्रेंच चित्रकार आंत्वान वातो याच्या चित्रांत बागेत, झाडाखाली, दगडी बाकावर बसून गिटार वाजवणारी माणसे पुन्हापुन्हा येतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातला त्याचा ‘मेझेतां’ मान वर करून, तोंड किंचित उघडे ठेवून गातो आहे, आणि त्याची बोटे पाच जोड्यांच्या गिटारवर आहेत. ही श्रीमंतांची बाग. रस्ता दाखवला तो फ्रान्सिस्को गोयाने. १७७८ साली राजवाड्याच्या भिंतीवरच्या गालिच्यासाठी काढलेल्या त्याच्या नमुनाचित्रात एक आंधळा गिटारवाला गातो आहे आणि त्याच्याभोवती लोकांनी कडे केले आहे. हे कडे नीट पाहावे. माणसे त्याच्या अगदी अंगाशी आली आहेत. उघड्यावर आवाज अंतराने उतरतो आणि इतके जवळ आल्याखेरीज तो ऐकू येत नाही, म्हणून गोयाचे हे चित्र ध्वनिशास्त्राचा धडाही ठरते.

याच पाच जोड्यांच्या गिटारची दुसरी बाजू दरबारी होती. फ्रांचेस्को कोर्बेत्ता याने १६७१ साली आपला ग्रंथ इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला अर्पण केला. फ्रान्सच्या चौदाव्या लुईला गिटारचे वेड होते, आणि रोबेर द व्हिझे संध्याकाळी राजाच्या शयनगृहात बसून ती वाजवी. गास्पार सान्स याच्या १६७४ पासून सारागोसात निघालेल्या ग्रंथात झंकारणे आणि छेडणे या दोन्ही रीती आहेत, आणि वाद्य जुळवण्याबद्दलचा एक मार्मिक सल्लाही. मोठ्याने साथ करायची असेल तर चौथ्या आणि पाचव्या जोडीत एकेक जाड, खर्जाची तार लावावी; नाजूक वादनासाठी मात्र दोन्ही जोड्यांत बारीक तारा लावाव्यात. बारीक तारांमुळे सुरावटीतला प्रत्येक स्वर वेगळ्या तारेवर घेता येतो, आधीचा स्वर विरण्यापूर्वी पुढचा उमटतो आणि लहान घंटा एकमेकींत मिसळल्यासारखे वाटते. या करामतीला ‘कांपानेला’ म्हणजे छोटी घंटाच म्हणतात. कोवारुबियासने हिणवण्यासाठी जी घंटा आठवली, तिच्यातच सान्सला सौंदर्य सापडले.

या काळच्या काही अस्सल गिटारी टिकून आहेत. लिस्बनच्या बेल्शियोर दियास याने १५८१ साली केलेले एक वाद्य लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये आहे. व्हायोलिनसाठी जगप्रसिद्ध असलेल्या आंतोनियो स्त्रादिवारीनेही गिटारी केल्या. त्याची १६८८ सालची गिटार ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात, तर १७०० सालची अमेरिकेत साउथ डकोटातल्या व्हर्मिलियन गावी आहे. ‘साबिओनारी’ नावाने ओळखली जाणारी त्याची १६७९ सालची गिटार क्रेमोना या त्याच्याच गावात असून ती आजही वाजवता येते.

जुन्या गिटारींच्या मैफलीनंतर श्रोत्यांच्या हाती दिल्या जातात त्या अर्थात प्रतिकृती. पोलादी किंवा नायलॉनच्या तारांची सवय असलेला वादक अशी पाच जोड्यांची गिटार घेतो, तेव्हा आधी तिचे हलकेपण जाणवते. तबली, म्हणजे पुढची पातळ फळी, स्प्रूसची आणि इतकी पातळ की बोटाने टिचकी मारली तर पूर्ण वाद्य बोलते. मधल्या गोल छिद्रात चामड्याच्या कागदाची, थरावर थर रचलेली जाळीदार कमळासारखी नक्षी. खुंट्या नुसत्या लाकडी, व्हायोलिनसारख्या घट्ट बसवलेल्या. पिळण्याचा पेच नाही. दांडीवरचे पडदेही तातीचेच, गाठ मारून बांधलेले. सतारीचा धातूचा पडदा दोऱ्याने दांडीला बांधतात, इथे बांधलेली तात हाच पडदा. सूर किंचित चढा वाटला तर वादक नखाने पडदा केसभर सरकवतो. सतारियाला ही हालचाल ओळखीची वाटेल. दांडीचा पृष्ठभाग आणि तबली एकाच पातळीत असल्याने उजव्या हाताची करंगळी आपसूक तबलीवर टेकते. मग खरी अडचण कळते. तारा जोडीने आहेत, आणि एका बोटाने दोन्ही एकदम छेडायच्या आहेत. नखाने ओढले तर एकच तार वाजते, जोर लावला तर दोघी एकमेकींवर आदळून खरखरतात. बोटाचा मऊ भाग दोन्हींवर टेकवून, त्या किंचित दाबून सोडल्या, तरच स्वर भरलेला येतो. तो लगेच उमलतो आणि लगेच विरतो. पाच मिनिटांत वादकाचा हात हलका होतो. जुन्या पुस्तकांतल्या वादनाच्या सूचना वाचून जे उमगत नाही, ते या पाच मिनिटांत उमगते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस जोड्या गेल्या आणि सहा एकेरी तारा आल्या. रेशमाच्या गाभ्यावर धातूची तार गुंडाळलेल्या खर्जाच्या तारा तोवर चांगल्या बनू लागल्या होत्या, त्यामुळे जाड तारेला बारीक जोडीदाराची गरज उरली नाही. नेपल्समध्ये जोव्हान्नी बात्तिस्ता फाब्रिकातोरे याच्यासारख्या कारागिरांनी नवी घडण रुळवली. बांधलेल्या पडद्यांच्या जागी धातूचे पक्के पडदे आले. व्हिएन्नात योहान गेओर्ग श्टाउफर, पॅरिसमध्ये रने लाकोत, लंडनमध्ये लुई पानोर्मो हे त्या काळचे नावाजलेले कारागीर. श्टाउफरच्या घडणीचे संस्कार घेतलेला जर्मन कारागीर क्रिस्तियान फ्रेडरिक मार्टिन १८३३ साली न्यूयॉर्कला गेला, आणि त्याच्या नावाची कंपनी अजून गिटारी करते.

या गिटारी कमरेत बारीक आणि अंगाने लहान असतात. आवाज गोड, मध्यम पट्टीत अतिशय स्पष्ट, खर्ज बेताचा. माउरो ज्युलियानीने १८०८ साली व्हिएन्नात वाद्यवृंदासह गिटारचा कॉन्चेर्तो वाजवला. वृंदाच्या आवाजाखाली गिटार दबू नये, अशी रचना त्याने बेतली होती. फेर्नांदो सोर नखाशिवाय वाजवी, त्याचा मित्र दिओनिसिओ आग्वादो नखाने. आग्वादोने तर गिटार अंगापासून दूर धरणारी तिपाई बनवली, कारण वाद्य छातीला आणि मांडीला टेकले की पाठीचे लाकूड मुके होते असे त्याचे निरीक्षण होते. ते खरे आहे, आणि कुणीही गिटारची पाठ अंगापासून बोटभर दूर करून ते पडताळू शकतो. खिडकीखालच्या गाण्याची परंपराही या वाद्याने चालू ठेवली. रोस्सिनीच्या १८१६ सालच्या ‘सेव्हिलचा न्हावी’ या संगीतिकेत काउंट रस्त्यावर उभा राहून रोझिनासाठी गातो, तेव्हा साथीला गिटार आहे. पॅरिसच्या संगीत-संग्रहालयात ग्रोबेर या कारागिराची एक गिटार आहे. तिच्या तबलीवर पागानिनी आणि बर्लिओझ या दोघा संगीतकारांच्या सह्या आहेत.

आजची गिटार ज्याच्यामुळे आजच्यासारखी झाली, तो आंतोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२) अल्मेरियाजवळचा सुतार. त्याने अंग मोठे केले, तारेची लांबी ६५० मिलिमीटरच्या आसपास आणली आणि तबलीच्या आतून पंख्याच्या काड्यांसारख्या सात पट्ट्या बसवल्या. पंखा त्याच्या आधीही कादिसच्या कारागिरांनी वापरला होता. तोर्रेसने त्याचे प्रमाण साधले. मोठ्या पातळ तबलीला या पट्ट्यांनी आधार मिळाला आणि तिचे कंप पावणेही मोकळे राहिले. आवाज मुख्यतः तबलीतून येतो, पाठीतून नव्हे, हे दाखवायला त्याने १८६२ साली पाठ आणि बाजू पुठ्ठ्याच्या लगद्याच्या केल्या. ते वाद्य बार्सिलोनाच्या संगीत-संग्रहालयात आहे. तोर्रेसची गिटार घेऊन फ्रान्सिस्को तारेगाने नवी वादनशैली घडवली, पण स्वतः तारेगाला मोठ्या सभागृहांपेक्षा ओळखीच्या माणसांची छोटी बैठकच प्रिय होती. वाद्याचा आवाज वाढला तरी जवळून ऐकण्याची गरज संपली नव्हती.

खोली आणि चौक यांची खरी गाठ पडली ती १९२२ च्या जूनमध्ये ग्रानादात. दक्षिण स्पेनचे ‘कांते होंदो’, म्हणजे खोल गळ्यातून येणारे जुने गाणे, धंदेवाईक तमाशात बुडून जाईल या काळजीने संगीतकार मानुएल दे फाया, तेव्हा चोविशीत असलेला कवी फेदेरिको गार्सिया लोर्का आणि त्यांचे मित्र एकत्र आले. त्यांनी हौशी गायकांची स्पर्धा भरवली. ७ जूनला आल्हांब्रा पॅलेस हॉटेलात आधीची एक सभा झाली. तिथे लोर्काने कविता वाचल्या आणि आंद्रेस सेगोवियाने गिटार वाजवली. निवडक श्रोते, चार भिंती. मग १३ आणि १४ जूनच्या रात्री मुख्य स्पर्धा आल्हांब्रा या जुन्या राजवाड्याच्या आवारातल्या ‘प्लासा दे लोस आल्हिबेस’ या चौकात झाली. आल्हिबे म्हणजे पाण्याचे टाके. चौकाच्या फरसबंदीखाली जुनी टाकी आहेत. सुमारे चार हजार माणसे जमली. परीक्षकांचा प्रमुख गायक आंतोनियो चाकोन होता आणि साथीच्या गिटारवाल्यांत रामोन मोंतोया होता. दुसऱ्या रात्री पावसाची सर आली तेव्हा लोकांनी खुर्च्या डोक्यावर धरल्या, पण जागा सोडली नाही. सत्तरी गाठलेला दिएगो बेर्मूदेस, ज्याला ‘एल तेनासास’ म्हणत, आणि बारा-तेरा वर्षांचा मानोलो काराकोल हे दोघे स्पर्धेतून पुढे आले. काराकोल पुढे फ्लामेंकोचा, म्हणजे दक्षिण स्पेनच्या याच गाण्या-नाचाच्या परंपरेचा, थोर गायक झाला.

चार हजार माणसांत गिटार ऐकू गेली, याला कारणे होती. चौकाच्या एका बाजूला आल्कासाबा किल्ल्याचे बुरूज आहेत आणि दुसऱ्या बाजूला पाचव्या चार्ल्सचा दगडी राजवाडा. दोन्हीकडून आवाज परततो. शिवाय फ्लामेंकोची गिटार वेगळी असते. तिची पाठ आणि बाजू सायप्रसच्या लाकडाच्या. ते लाकूड स्पेनमध्ये सहज मिळे, ब्राझीलहून येणाऱ्या शिसवीपेक्षा स्वस्त पडे आणि वजनाला हलके होते. तारा तबलीच्या जवळ, म्हणून स्वर कोरडा, टोकदार, पटकन सुटणारा. रास्गेआदोत असा स्वर गर्दीतून सुरीसारखा वाट काढतो. शिसवीच्या मैफली गिटारचा गोलसर, लांबणारा स्वर त्याच चौकात विरून गेला असता. कमी दामाचे लाकूड उघड्यावर सरस ठरले. आल्हांब्राकडे चढणाऱ्या ‘क्वेस्ता दे गोमेरेस’ या उताराच्या गल्लीत गिटार-कारागिरांची दुकाने अजून आहेत, आणि दोन्ही जातींच्या गिटारी तिथे शेजारी टांगलेल्या दिसतात.

यानंतर आवाज वाढवण्याचे मार्ग झपाट्याने बदलले. अमेरिकेत १९२० च्या दशकात आत धातूची थाळी बसवलेली गिटार आली आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला विजेची. दुसऱ्या महायुद्धात शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी लागत असल्याने तात दुर्मिळ झाली, आणि न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीनने सेगोवियाच्या प्रोत्साहनाने नायलॉनच्या तारा बनवल्या. नायलॉन ओलाव्याने सैल पडत नाही, तातीसारखे तुटत नाही. एका पिढीत जगभरच्या वादकांनी तात सोडून दिली. सेगोवियाने मात्र हजारोंच्या सभागृहातही ध्वनिवर्धक घेण्यास आयुष्यभर नकार दिला. श्रोत्यांनी शांत बसून कान द्यावा, हा त्याचा आग्रह होता, आणि तो योग्यच होता.

जुन्या गिटारी परत वाजू लागल्या त्या संशोधकांच्या चिकाटीने. तारेगाचा शिष्य एमिलिओ पुहोल याने पॅरिसच्या झाकमार-आंद्रे संग्रहालयातली विवेला अभ्यासली, तिची प्रतिकृती करवून घेतली आणि १९३६ साली बार्सिलोनात ती वाजवून दाखवली. चार शतके मुके असलेले संगीत लोकांनी मूळ वाद्याच्या आवाजात ऐकले. पुढे इंग्लंडच्या ज्युलियन ब्रीमने १९८५ सालच्या ‘गितार्रा’ या दूरचित्रवाणी मालिकेत विवेलापासून आजच्या गिटारपर्यंतचा प्रवास स्पेनमध्ये फिरून, वाद्ये बदलत वाजवून दाखवला. आज चांगले कारागीर संग्रहालयातल्या वाद्यांची मापे घेऊन प्रतिकृती करतात, आणि नव्या वादकांना त्या मिळतात. कोर्दोबात १९८१ पासून भरणाऱ्या गिटार महोत्सवाच्या मैफली आहेर्किया नावाच्या खुल्या नाट्यगृहातही होतात.

अस्सल जुनी गिटार मात्र बागेत आणू नये. तिचे सांधे जनावरांच्या कातड्या-हाडांच्या सरसाने जोडलेले असतात; ऊन लागले की सरस मऊ पडतो आणि तारांच्या ताणाने घोडी उखडते. संग्रहालये हवेतला ओलावा ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवतात, उघड्यावर मात्र दिवसभराचे ऊन व रात्रीचे दव यांत तो तासातासाला बदलतो. प्रतिकृतीलाही त्रास होतोच. तात ओलावा पिऊन फुगते आणि स्वर बदलतो, म्हणून उघड्यावरच्या मैफलीत दर दोन रचनांमधे वाद्य जुळवणे चालू असते. श्रोत्याने ही वेळ वाया गेली असे मानू नये. सान्सच्या श्रोत्यांनीही ती अशीच घालवली असणार.

अशा मैफलीसाठी सर्वांत चांगली जागा म्हणजे तीन बाजूंनी भिंती असलेला चौक, वादकाच्या पाठीमागे दगडी भिंत, पायांखाली हिरवळीऐवजी फरशी आणि श्रोते शंभराच्या आत. हिरवळ आवाज शोषते. ध्वनिवर्धक लावलाच तर एकच, मंद आणि वादकाजवळ असावा. मोठे कर्णे लावून विवेला ऐकवणे म्हणजे विवेलाचे नाव घेऊन दुसरेच वाद्य ऐकवणे होय. श्रोत्याने पहिल्या तीन ओळींत, वादकाच्या समोर बसावे. मैफल संपल्यावर प्रतिकृती हातात घ्यायची संधी मिळाली, तर आधी अंगठ्या, घड्याळ आणि कमरेचा पट्टा काढून ठेवावा, उजव्या हाताची नखे बाजूला ठेवून बोटाच्या मऊ भागाने तार छेडावी, आणि वाद्य परत देताना दांडीला धरून द्यावे. स्प्रूसच्या तबलीवर उठलेला ओरखडा पुसता येत नाही.